दलालीचा दावा कोणापुढे?

जुगारात सर्वस्व गमावून बसलेल्या माणसाची कहाणी आपल्या समाजाला नवी नाही. ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून महाभारतातील द्यूतपर्वापर्यंत, आणि तेथून आपल्या गावोगावच्या जत्रांत रात्री पट मांडून बसणाऱ्यांपर्यंत ती अखंड चालत आलेली आहे. तिच्यातील पात्रेही ठरलेली असतात. फासे टाकणारा, फासे टाकायला लावणारा आणि घरी दिवा लावून वाट पाहत बसलेली माणसे. परंतु अलीकडच्या काही वर्षांत या जुन्या कहाणीत एक नवे पात्र शिरले आहे. पुष्कळदा त्याने स्वतः फासा हातात धरलेलाही नसतो. तरीसुद्धा आपण लुबाडले गेलो, आपल्या हक्काचे पैसे अड्डेवाल्याने बुडविले, अशी त्याची तक्रार असते. आणि ही तक्रार तो अशा ठामपणे करतो की ऐकणाऱ्याला क्षणभर त्याची कणव यावी. हे पात्र म्हणजे इंटरनेटवरील जुगारी अड्ड्यांसाठी गिऱ्हाईक गोळा करणारा दलाल होय.

या दलालांच्या तक्रारींकडे दोन प्रकारे पाहता येईल. चोराच्या वाटणीतला तंटा म्हणून हसून सोडून देणे, हा एक प्रकार. तो सोपा आहे, परंतु शहाणपणाचा नाही. कारण हा दलाल दूर कोठे परदेशात बसलेला सराईत नसतो. तो पुष्कळदा आपल्याच आळीतला, महाविद्यालयातून बाहेर पडून नोकरीच्या शोधात असलेला, हातात भ्रमणध्वनी असलेला तरुण असतो. त्याच्या तक्रारीचा नीट तपास केला, तर या सबंध धंद्याचा पाया कशावर उभा आहे, हे जुगाऱ्याच्या तक्रारीपेक्षाही अधिक स्पष्ट दिसते. म्हणून आज आम्ही त्याच्याच खटल्याचे कागद उलगडून पाहण्याचे योजिले आहे.

प्रथम धंदा कसा चालतो ते पाहू. रुपये अथवा डॉलर यांच्याऐवजी बिटकॉइन, इथर, टेथर अशी क्रिप्टो या नावाने ओळखली जाणारी आभासी चलने लावून खेळविले जाणारे जुगार आज इंटरनेटवर अगणित आहेत. बिटकॉइनची खातेवही जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली आणि पुरती साडेतीन वर्षे लोटण्यापूर्वीच, एप्रिल २०१२ मध्ये, ‘सातोशीडाइस’ नावाचा फाशांचा अड्डा तिच्यावर उभा राहिला. जुलै २०१३ मध्ये तो १,२६,३१५ बिटकॉइनना विकला गेला. या एका सौद्याने जगाला कळून चुकले की नव्या चलनाला दुसरा कोणता उपयोग सापडो न सापडो, जुगाराचा उपयोग हमखास सापडलेला आहे. त्यानंतर अड्ड्यांची संख्या वाढली आणि वाढलेल्या अड्ड्यांना गिऱ्हाइकांची टंचाई भासू लागली. वर्तमानपत्रांतून जाहिरात करण्याची पुष्कळ देशांत सोय नाही, बँका दारात उभे करीत नाहीत. तेव्हा गिऱ्हाइकाकडूनच गिऱ्हाईक आणविण्याची युक्ती निघाली.

ही युक्ती अशी. अड्ड्यावर नाव नोंदविणाऱ्या कोणालाही एक खास लिंक मिळते. ती त्याने मित्राला पाठवावी, आपल्या वाहिनीवर झळकवावी, गटागटांत फिरवावी. त्या लिंकवरून आत शिरलेला माणूस कायमचा त्याच्या नावावर मांडला जातो, आणि पुढे तो माणूस जे खेळेल त्यावर या पहिल्याला दलाली मिळते. दलालीच्या पद्धती मुख्यतः तीन. गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल एकरकमी ठरीव पैसे, ही पहिली. गिऱ्हाइकाने लावलेल्या एकूण रकमेवर टक्केवारी, ही दुसरी. गिऱ्हाइकाच्या हरण्यातून अड्ड्याला झालेल्या निव्वळ मिळकतीत वाटा, ही तिसरी. यांतील तिसरी सर्वांत आकर्षक म्हणून मांडली जाते, कारण तिच्यातील वाटा शेकडा पंचवीस, तीस, चाळीस असा घसघशीत सांगितला जातो आणि तो ‘जन्मभर’ मिळेल, असे आश्वासन असते.

आता थोडे गणित करू. फाशांच्या खेळात अड्डेवाल्याचा वाटा साधारणतः शेकडा एक असतो. म्हणजे ज्या डावात जिंकल्यास दुप्पट पैसे मिळतात, तो डाव जिंकण्याची शक्यता शंभरात पन्नास नसून साडेएकोणपन्नास ठेवलेली असते. एक टक्का म्हणजे काहीच नव्हे, असे खेळणाऱ्याला वाटते. परंतु भ्रमणध्वनीवर एक डाव दोन-तीन सेकंदांत उरकतो. दहा हजार रुपये घेऊन बसलेला माणूस तीच रक्कम शंभर वेळा फिरवितो, तेव्हा त्याने एकूण दहा लाख लावलेले असतात. आणि दहा लाखांचा एक टक्का म्हणजे दहा हजार. सरासरीच्या नियमाने त्याचे मूळ भांडवल संपूर्ण अड्ड्याच्या पेटीत गेलेले असते. त्यातील शेकडा तीस, म्हणजे तीन हजार रुपये, त्याला तेथे नेणाऱ्या मित्राचे. ही ती दलाली. तिच्यातील प्रत्येक रुपया कोठून आला, हे वेगळे सांगावयास नको. परंतु दलालाच्या पडद्यावर तो ‘कमाई’ या नावाने दिसतो आणि मित्राचे नाव तेथे दिसत नाही, केवळ एक आकडा दिसतो.

येथपर्यंत दलाल खूष असतो. तंटा पुढे सुरू होतो, आणि त्याचे प्रकार आश्चर्य वाटावे इतके ठरावीक आहेत.

पहिला तंटा तोट्याच्या ओढीचा. समजा, एका दलालाने तीन माणसे आणली. महिनाअखेर एक चाळीस हजार हरला, दुसरा वीस हजार हरला आणि तिसऱ्याला नशिबाने नव्वद हजार लागले. अड्ड्याच्या हिशेबी या दलालाच्या नावावर तीस हजारांचा तोटा झाला. त्या महिन्यात त्याला दलाली नाही, हे तो समजू शकतो. परंतु करारातील बारीक अक्षरांत असे कलम असते की हा तोटा पुढील महिन्यात ओढला जाईल. पुढच्या महिन्यात त्याची माणसे पन्नास हजार हरली, तरी त्यातून तीस हजार वजा जातात आणि उरलेल्या वीस हजारांवर शेकडा तीसप्रमाणे सहा हजार त्याच्या हाती पडतात; एरवी ते पंधरा हजार झाले असते. शिवाय बक्षिसे, शुल्क, व्यवस्थापन खर्च अशा नावांखाली आणखी किती वजावट झाली, ते अड्डाच ठरवितो.

दुसरा तंटा दुहेरी खात्याचा. या धंद्याच्या आरंभीच्या काळात चलाख खेळाडूंनी आपल्याच लिंकवरून दुसऱ्या नावाने आत शिरून स्वतःच्या हरण्यावर स्वतःच दलाली घेण्याचा मार्ग काढला. त्याला आळा घालण्यासाठी अड्ड्यांनी नियम केले, हे योग्यच. परंतु त्या नियमांचे जाळे फार रुंद विणले गेले. एकाच घरातून, एकाच इंटरनेट जोडणीवरून दोघे खेळले, तर ते एकच माणूस समजण्याचा अधिकार अड्ड्याने स्वतःकडे ठेवला. आपल्याकडे एका छपराखाली दोन भाऊ, एक चुलतभाऊ आणि एक भाडेकरू राहतात आणि सर्वांचे वायफाय एकच असते. अशा घरातील दलालाची साठलेली दलाली ‘फसवणुकीचा संशय’ या दोन शब्दांवर गोठविता येते. संशय सिद्ध कोणी करावयाचा, याचा उल्लेख करारात नसतो.

तिसरा तंटा ‘जन्मभर’ या शब्दाचा. अटी केव्हाही, पूर्वसूचनेविना, कंपनीच्या मर्जीनुसार बदलता येतील, असे एक वाक्य जवळजवळ प्रत्येक करारात असते. मग चाळीसाचे पंचवीस टक्के होतात. दरमहा अमुक इतकी नवी माणसे आणली नाहीत तर जुन्या माणसांवरची दलाली बंद, अशी अट येते. आणि दोन-तीन वर्षे खपून जमविलेली माणसे दलालाच्या नावावरून उतरून थेट अड्ड्याच्या मालकीची होतात. माणसे तीच, त्यांचे हरणेही तेच, केवळ वाटेकरी एकाने कमी झालेला.

चौथा तंटा चलनाच्या भावाचा. बिटकॉइनचा भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर होता आणि बरोबर वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १६ हजारांच्या खाली उतरला. अशा चलनात दलाली मोजावयाची, तर ती गिऱ्हाईक हरले त्या दिवसाच्या भावाने, महिनाअखेरच्या भावाने की प्रत्यक्ष पैसे दिले त्या दिवसाच्या भावाने? जो भाव अड्ड्याला सोयीचा, तो. दलालाचे देणे रोखून धरण्याने अड्ड्याला कधी तोटा होत नाही. दलालाला मात्र होऊ शकतो.

आता या सर्व तंट्यांमागील खरी मेख पाहू. या अड्ड्यांचे चालक एका गोष्टीची फुशारकी मारतात, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. आमचा फासा कोणीही तपासून पाहावा, असे ते म्हणतात. त्याची रीत एखाद्या सीलबंद पाकिटासारखी आहे. डाव सुरू होण्यापूर्वी अड्डा आपला गुप्त आकडा निवडतो आणि त्याचा एक गणिती ठसा खेळाडूच्या हवाली करतो. ठशावरून आकडा ओळखता येत नाही, परंतु आकडा नंतर बदलला तर ठसा जुळत नाही. खेळाडू आपला स्वतःचा एक आकडा त्यात मिसळतो. दोहोंच्या मिश्रणातून डावाचा निकाल निघतो, आणि मागाहून पाकीट उघडले की ज्याला गणित येते त्याने सर्व पडताळून पाहावे. शकुनीच्या फाशांना ही सोय नव्हती. त्याचप्रमाणे बिटकॉइनची खातेवहीही जगाला उघडी आहे. या खात्यातून त्या खात्यात किती गेले, हे पणजीत बसलेल्या माणसालाही वाचता येते.

मात्र दलालाचा हिशेब या दोहोंत कोठेच नसतो. फासा पारदर्शक, पैशाची वाट पारदर्शक, परंतु कोण कोणाच्या लिंकवरून आला, तो किती हरला, त्यातून काय वजा झाले आणि दलालाचे किती निघाले, ही वही एकट्या अड्डेवाल्याच्या पेटीत असते. पैसे दिल्याची नोंद जगाला दिसते. पैसे देणे होते याची नोंद कोणालाही दिसत नाही. आपली माणसे किती हरली हे दलालाला सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे ज्याच्याविरुद्ध त्याचे गाऱ्हाणे आहे तोच. सावकाराच्या वहीवर अंगठा उठविणाऱ्या कुळाची जी स्थिती होती, तीच या नव्या युगातील इंग्रजी बोलणाऱ्या दलालाची आहे. कुळाला निदान अंगठा कोठे उठविला ते ठाऊक असे.

आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. द्यूत वाईट, हे धर्मशास्त्रकार वारंवार सांगतात. परंतु ते चालतेच, म्हणून त्यावर अंकुशही ठेवतात. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नेमला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेण्याची व्यवस्था सांगितली. याज्ञवल्क्यस्मृतीत द्यूतगृह चालविणाऱ्या सभिकाचा वाटा ठरवून दिला आहे, आणि त्याबरोबरच जिंकणाऱ्याचे पैसे हरणाऱ्याकडून वसूल करून त्याच्या पदरात घालण्याचे दायित्वही त्याच्यावर टाकले आहे. म्हणजे वाटा घेणारा उत्तरदायीही होता आणि त्याच्यावर राजाची नजर होती. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्ण हरलेला संवाहक सभिक माथुराच्या तावडीतून पळत सुटतो, आणि शेवटी वसंतसेना आपले कंकण पाठवून त्याला सोडविते, तो प्रसंग रसिकांना आठवेल. तेथे सर्व काही क्रूर आहे, परंतु सर्व काही भर रस्त्यात आहे. ऋणको दिसतो, धनको दिसतो, मारणाऱ्याचा हात दिसतो.

आपल्या काळातील मटक्याचीही तीच गोष्ट. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत आकडे लावले जात. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची प्रथा पडली आणि पुढे तो रोग मुंबईपासून गोव्यापर्यंत पसरला. मटका हा गुन्हा होता आणि आहे. त्याचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु मटक्याची चिठ्ठी लिहिणारा माणूस गावाला ठाऊक असे. त्याने कोणाला बुडविले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात चार माणसे उभी राहत. आणि त्यालाही कोणाचे घर बसत चालले आहे, हे डोळ्यांनी दिसे. ती नजरानजर हाच त्या काळ्या धंद्यावरचा एकमेव, दुबळा का होईना, लगाम होता. नव्या धंद्यात तोही उरलेला नाही. अड्डेवाला दलालाला ओळखत नाही आणि दलाल आपल्या माणसांकडे आकड्यांच्या रांगेत पाहतो.

मग बुडालेल्या दलालाने न्याय मागावा कोठे? पुष्कळ अड्ड्यांच्या करारांत कुरासावचे नाव आढळते. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरील हे छोटेसे बेट नेदरलँड्सच्या राजवटीचा भाग आहे. तेथे १९९३ च्या वटहुकुमाच्या आधारे मूठभर मुख्य परवानाधारक निर्माण झाले आणि त्यांनी आपल्या परवान्याच्या सावलीत असंख्य उपपरवाने वाटले. तक्रारदाराची दाद लागावी अशी धड व्यवस्था त्या उतरंडीत नव्हती. हा कारभार जगभर टीकेचा विषय झाल्यावर तेथे नवा कायदा झाला आणि तो २४ डिसेंबर २०२४ पासून अमलात आला. उपपरवान्यांची पद्धत त्याने मोडीत काढली, ही इष्ट गोष्ट होय. परंतु डिचोलीच्या अथवा बेळगावच्या तरुणाने आपल्या वीस-पंचवीस हजारांच्या दलालीसाठी विलेमस्टाडच्या न्यायालयाची पायरी चढावी, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. आणि तेथला कायदा कडक झाला, की अड्डेवाला आपले बिऱ्हाड हिंदी महासागरातील एखाद्या दुसऱ्या बेटावर हलवितो. त्याच्या बिऱ्हाडात असते तरी काय? एक नामफलक आणि एक संगणक.

बरे, दाद आपल्याच देशात मागावी म्हटले, तर आपला कायदा काय सांगतो? १८७२ च्या करार कायद्याचे ३० वे कलम पैजेचा करार निरर्थक ठरविते; जिंकलेली पैज न्यायालयातून वसूल होत नाही. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात तर त्यापूर्वीच, १८६५ साली, असा कायदा झाला होता की पैज घडवून आणण्यास जाणूनबुजून साहाय्य करणारे करारही निरर्थक, आणि त्याबद्दलच्या दलालीसाठीसुद्धा दावा लावता येणार नाही. बेळगाव आणि कारवार हे जिल्हे तेव्हा त्याच इलाख्यात होते. म्हणजे जुगारी दलालीचा दावा हा आज निघालेला प्रश्न नव्हे; दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांनी तो जाणला होता आणि दलालाला न्यायालयाच्या दारातूनच परत पाठविले होते. पुढे १९५९ मध्ये घेरूलाल पारख यांच्या खटल्यात, जेथे हा मुंबईचा कायदा लागू नव्हता त्या मुलखातील हापूर येथील सट्ट्याच्या भागीदारीबाबत, सर्वोच्च न्यायालयाने थोडी वेगळी वाट घेतली. पैज निरर्थक असली तरी बेकायदेशीर नव्हे, म्हणून तिच्यासाठी केलेली भागीदारी अवैध ठरत नाही, असा तो निर्णय होता. आणि तोट्याचा अर्धा वाटा भागीदाराने भरावा, असे ठरले.

या निर्णयाचा आधार आजच्या दलालाला मिळेल काय? आमच्या मते मिळणे कठीण. कारण तो निर्णय ‘निरर्थक’ आणि ‘निषिद्ध’ यांतील फरकावर उभा आहे, आणि संसदेने तो फरक आता पुसून टाकण्याचे ठरविले आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्यात पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरविले आहेत. पैशात बदलता येणारी नाणी वा टोकन लावली तरी सुटका नाही, आणि अड्डा परदेशातून चालतो ही सबबही चालणार नाही. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, आणि त्याची जाहिरात करणाऱ्यास अथवा तीत कोणत्याही प्रकारे सहभागी होणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. कायद्याने नुसत्या खेळणाऱ्याला गुन्हेगार मानलेले नाही. त्याला बळी मानले आहे. परंतु लिंक पाठवून त्याला तेथे नेणारा जाहिरातदार आणि साहाय्यक या दोन्ही व्याख्यांच्या उंबरठ्यावर उभा आहे. तेव्हा दलालीसाठी दावा लावणे म्हणजे आपल्याच हाताने कबुलीजबाब लिहून देण्यासारखे होईल. अड्डेवाल्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच तो बुडवितो.

ही केवळ कल्पना नव्हे. महादेव ऑनलाइन बुक या सट्ट्याच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने जी माहिती प्रसिद्ध केली, तिच्यानुसार मुख्य कार्यालय संयुक्त अरब अमिरातीत होते आणि देशभरच्या शाखा ओळखीच्या माणसांना सत्तर-तीसच्या नफावाटणीने चालवावयास दिलेल्या होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ते संकेतस्थळ बंद करविले. अशा प्रकरणांत सूत्रधार परदेशात राहतात आणि पोलिसांच्या गाड्या प्रथम शाखा चालविणाऱ्यांच्या दारात उभ्या राहतात. वाटणी सत्तर-तीसची असते. जोखमीची वाटणी मात्र उलटी असते.

गोमंतकीय वाचकांनी या ठिकाणी आपल्या घराकडे एकवार पाहावे. गोव्यात १९७६ साली सार्वजनिक जुगाराविरुद्ध कायदा झाला आणि त्याच कायद्याला १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांच्या जुगाराला वाट मोकळी करून दिली गेली; १९९६ मध्ये ती वाट पाण्यावरील जहाजांपर्यंत पोहोचली. मांडवीत उभ्या असलेल्या त्या जहाजांविषयी गेली अनेक वर्षे वाद चालला आहे, आणि तो चालावयासही हवा. जनमताच्या रेट्यामुळे १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे खेळण्यास बंदी करण्यात आली. ती किती काटेकोरपणे पाळली जाते, हा वेगळा प्रश्न. परंतु निदान तेथे एक दार आहे आणि दारावर ओळखपत्र विचारण्यास एक माणूस आहे. रात्री अंथरुणात पडून भ्रमणध्वनीवर खेळणाऱ्या मुलाच्या खोलीत असे दार नाही. त्याच्याकडे येणारी लिंक कॅसिनोच्या मालकाकडून येत नाही. ती वर्गमित्राकडून येते, मावसभावाकडून येते, एकत्र फुटबॉल खेळणाऱ्या सवंगड्याकडून येते. जहाजावर जाण्यापासून आपण ज्याला अडविले, त्याच्या खिशात जहाज आणून ठेवण्याचे काम त्याच्याच मित्राने केलेले असते.

या व्यवस्थेत सर्वांत मोठी चोरी पैशाची नव्हे, विश्वासाची आहे. अनोळखी जाहिरातीवर माणूस सहसा भुलत नाही. ‘मी खेळतो, तूही खेळ’ असे मित्राने म्हटले की भुलतो. मित्राने ‘तू हरलास की मला तीस टक्के मिळतात’ हे त्याच वेळी सांगितले असते, तर किती जण आत शिरले असते? अमेरिकेत एका अशाच जुगारी संकेतस्थळाचे गुणगान यूट्यूबवर करणारे दोन प्रसिद्ध तरुण प्रत्यक्षात त्या संकेतस्थळाचे मालकच निघाले होते. तेथे आभासी चलनाऐवजी व्हिडिओ खेळांतील शस्त्रांची रंगीत आवरणे पणाला लावली जात. आपला हितसंबंध लपविल्याबद्दल तेथील फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांना समज देणारा तडजोडीचा आदेश काढला. हितसंबंध लपविणे हे या दलालीचे अपघाती अंग नाही. ते उघड केले तर तिची परिणामकारकताच पुष्कळशी संपते.

आता कोणी म्हणेल, की दलालांवरचा अन्याय हा अन्यायच आहे. तेव्हा त्यांचा हिशेबही फाशासारखा उघडा करण्याची सक्ती करावी, म्हणजे प्रश्न मिटेल. ब्रिटनसारख्या देशात दलालांच्या वागणुकीबद्दल परवानाधारक कंपनीलाच उत्तरदायी धरण्यात येते. परिणामी तेथील स्काय बेट या मोठ्या कंपनीने २०१७ मध्ये आपली दलालांची योजनाच गुंडाळून टाकली. दलाल ठेवून त्यांच्या वर्तनाची जोखीम पत्करण्यापेक्षा ते नकोतच, असा तो हिशेब दिसतो. यावरून एक गोष्ट उघड होते. या धंद्यातील दलाली मुख्यतः तेथे फोफावते, जेथे कोणी कोणाला उत्तरदायी नसतो. अड्डेवाल्याने दलालाला बुडविणे हा त्या व्यवस्थेतील बिघाड नव्हे. ज्या निर्नायकीमुळे दलालाला मित्राच्या नुकसानीवर कमाई करता येते, त्याच निर्नायकीमुळे अड्डेवाल्याला दलालाची कमाई गिळता येते. एक मोकळीक हवी आणि दुसरी नको, असे म्हणता येत नाही.

शासनाने करावयाच्या गोष्टी आहेत आणि त्या विलंब न लावता केल्या पाहिजेत. परदेशी अड्ड्यांची संकेतस्थळे बंद करणे हे पाण्यावर काठी मारण्यासारखे होऊ नये. एक नाव बंद झाले की दुसऱ्या नावाने तेच दुकान उघडते. आभासी चलनाच्या देवघेवीवर १ एप्रिल २०२२ पासून शेकडा तीस कर आणि १ जुलै २०२२ पासून शेकडा एक मूलस्थानी कपात आहे. मार्च २०२३ पासून या चलनाची देवघेव करणाऱ्या पेढ्या पैशाच्या अपहाराविरुद्धच्या कायद्याखाली आणल्या गेल्या आहेत. रुपयाचे आभासी नाण्यात रूपांतर होते त्या एका उंबरठ्यावर नजर ठेवणे, हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. शिक्षा करताना मात्र तारतम्य हवे. पाच मित्रांना लिंक पाठविणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आणि हजारो माणसे ओढणाऱ्या व्यावसायिकाला एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. पहिल्याला समज आणि मार्ग दाखवावा, दुसऱ्याला कायदा.

परंतु शासनापेक्षाही आम्हांला आज त्या तरुणालाच दोन शब्द सांगावेसे वाटतात, ज्याची दलाली बुडाली आहे आणि जो रागाने पत्रांवर पत्रे धाडतो आहे. बाबा रे, तुझा राग खोटा नाही. तुला शब्द दिला गेला आणि तो मोडला गेला. ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती न्याय, हे तुला उशिरा कळले. परंतु घटकाभर असे समज, की उद्या तो अड्डेवाला सचोटीचा निघाला. त्याने पै न् पैचा हिशेब तुझ्यापुढे ठेवला आणि तुझी सारी थकबाकी चुकती केली. त्या हिशेबाच्या कागदावर मग आकड्यांऐवजी नावे लिहून पाहा. अमुक रकमेपुढे तुझ्या वर्गमित्राचे नाव येईल, तमुक रकमेपुढे तुझ्या आत्याच्या मुलाचे. त्यांनी काय विकून, कोणाकडून उसने आणून, कोणाच्या औषधाचे पैसे मोडून ते भरले, हे तुला त्या कागदावर वाचता येणार नाही. पण त्यांच्या घरी गेलास तर कळेल.

जो हिशेब चुकता न झाल्याबद्दल तू भांडतो आहेस, तो चुकता झाला असता तर तुला त्यांच्या अंगणात पाऊल टाकणे अधिक कठीण झाले असते. दलालीचा दावा कोणापुढे लावावा, हा तुझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कुरासावात नाही आणि पणजीच्या न्यायालयातही नाही. प्रथम त्या अंगणात जा, ज्यांना तू लिंक पाठविलीस त्यांना खरे काय ते सांग, आणि त्यांतील एकाला जरी आज रात्रीच्या डावापासून परत फिरविता आले, तर बुडालेल्या दलालीपेक्षा ती कमाई मोठी समज.